किती मेली ते सांगा

सावद्याच्या रस्त्याला आमची लॅब आहे,
बाहेरून पोल्ट्रीसारखी दिसते.
आत जाताना चपला बाहेर, बांगड्या बाहेर,
बोलणंसुद्धा बाहेर.
काचेआड वारा एकाच दिशेने वाहतो
आणि मी, कुमुद नेहेते, सतरावं वर्ष,
केळीचा कंद सोलत सोलत
ज्वारीच्या दाण्याहून बारक्या
पांढऱ्या ठिपक्यापाशी पोचते.

त्या ठिपक्याचं अजून काहीच ठरलेलं नसतं.
पान व्हायचं, मूळ व्हायचं, की नुसतंच वाढायचं
हे आपण त्याला बरणीतल्या जेलीतून सांगतो
आणि तो ऐकतो.
बहुतेक वेळा.

माझ्या डोळ्यांनी ऐकणं सोडलंय.
आधी संध्याकाळ गेली,
डब्याचं झाकण पडलं तर पायाशीच हरवायचं.
मग बाजू गेल्या.
डावीकडून येणारा ट्रॅक्टर एकदम समोर उगवायचा.
आता लहानपणी बघायचो तसं,
पपईच्या पोकळ देठातून जग.
उरलंय ते ब्लेडच्या टोकाला पुरेल एवढंच.
सुपरवायझरला सांगितलेलं नाही.

जळगावच्या डॉक्टरीणबाईंनी पडद्याचा फोटो दाखवला,
कडेकडेने काळी जळमटं.
आईला होतं का, विचारलं.
होतं. आम्ही तिला गाजरं खाऊ घातली.
त्या म्हणाल्या, पडद्याच्या पेशी
आता ताटलीत वाढवतात,
सायीसारखा पातळ थर धरला की
डोळ्याच्या मागच्या भिंतीवर नेऊन अंथरतात.
प्रयोग चालू आहेत. थोड्याच माणसांवर.
अजून नाही, कुमुदताई.

'अजून नाही' मला कळतं.
आमच्या प्रत्येक बरणीवर तारीख असते.

दिराला नाही कळलं. त्याने एक माणूस आणला,
खिशाला दोन पेन, चकचकीत फाइल.
स्टेम सेल, ताई. पोटाच्या चरबीतून काढायचे,
त्याच दुपारी डोळ्यात सोडायचे.
साडेतीन लाख.
तुमच्याच पेशी, तुमच्याशी वैर कशाला करतील?
फाइलीत एक बाई हसत
पाण्याचं फुलपात्र ओळखत होती.

मी म्हटलं, भो,
डोळा व्हायचंय हे त्या पेशीला सांगितलं कोणी?
कुठल्या जेलीत? किती दिवस?
मी पाहिलंय, एकाच कोंबाला फार वेळा कापलं
की पुढची रोपं वेडी निघतात,
बुटकी, पानं फाटकी,
वर्षभर पाणी पिऊन घडच न टाकणारी.
नखातल्या एका कणाने
दुधाळ झालेली बरणी पाहिलीय,
तिच्यापायी अख्खी फळी फेकलेली पाहिलीय.
आणि ती तर केळी होती.
शंभरातली किती जगली ते नंतर सांगा,
किती मेली ते सांगा.

त्याने चहा संपवला.
बशी पालथी घालून गेला.
दीर आठ दिवस बोलला नाही.

डॉक्टरीणबाईंनी रक्त बंगळूरला पाठवलंय,
यादीत नाव घातलंय.
फोन येईल म्हणाल्या,
मग थांबून म्हणाल्या, येईलच असं नाही.
बाई खरं बोलते.

सोमवारी मी सुपरवायझरला सांगून टाकलं.
कधीपासून?
दोन केळीबाग निघाल्या, तेव्हापासून.
तो बराच वेळ माझ्या हाताकडे बघत राहिला असावा,
चेहरा माझ्या देठात मावला नाही.
मग म्हणाला, शेडमध्ये या.

शेडमध्ये हिरव्या जाळीखाली
बरणीतून नुकती काढलेली रोपं असतात,
ज्यांनी वारा कधी पाहिलेला नाही.
इथे बोटांनी भागतं.
ओल बोटाला कळते, कुजलेली मुळी बोटाला कळते,
मेलेलं पान जिवंत पानापेक्षा
जरा जास्तच लवकर कळतं.

आज पहिला ट्रे झाला.
अडतीस, मी म्हटलं.
नवीन पोरगा लिहायला लागला.
आणि दोन मेली.
ती कशाला लिहायची, मावशी?
लिही, म्हटलं.